पावडरच्या डब्याआधी तपासणी

आमचा मुलगा सात वर्षांचा आहे आणि त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे. कुकरची शिट्टी त्याला सहन होत नाही. जेवणात दहीभात, पोळी आणि बिस्किटं एवढंच चालतं. हे कळल्यापासून नांदेडपासून पुण्यापर्यंतची आपली माणसं फोन करतात. "अरे, ओमेगा-३ देऊन बघ." "बी-६ आणि मॅग्नेशियमने फरक पडतो म्हणे." सांगतात ते मायेनेच. पण प्रत्येक नव्या डब्याबरोबर घरात नवी आशा येते, आणि ती मोडली की सगळ्यांनाच जड जातं.

अशा गोळ्या-पावडरींनी आवाजाचा, स्पर्शाचा त्रास कमी होतो, याला भक्कम पुरावा नाही. मात्र त्या त्रासामुळे मूल मोजकंच खातं आणि लोह, 'क' किंवा 'ड' जीवनसत्त्व खरोखर कमी पडू शकतं. म्हणून आधी रक्ततपासणी, मग डॉक्टर सांगतील तेवढीच मात्रा. आमच्याकडे लोह कमी निघालं. औषधाने त्याचं दमणं कमी झालं, शिट्टीची भीती तशीच राहिली. तिच्यासाठी थेरपिस्टने सुचवलं तसं आजी कुकर लावण्याआधी सांगते आणि कानाला हेडफोन देते.

"देऊन बघायला काय जातं?" असंही विचारतात. बी-६ जास्त मात्रेत बरेच दिवस घेतलं तर नसांना इजा होऊन हातपाय बधिर होऊ शकतात. आमच्या मुलाला मुंग्या आल्या तर सांगताही येणार नाही.

"पण अमक्याला फरक पडला!" १९९९ मध्ये अमेरिकेत ६० मुलांवर सिक्रेटिन या संप्रेरकाची चाचणी झाली. काहींना सिक्रेटिनचं इंजेक्शन दिलं, काहींना नुसतं मिठाचं पाणी. सुधारणा दोन्ही गटांत सारखीच दिसली. म्हणून आम्ही एका वेळी एकच बदल करतो आणि तारखेसह वहीत लिहितो. प्रोग्रॅममधली चूक शोधतानाही मी हेच करतो.

हैदराबादकरांसाठी सिकंदराबादच्या मनोविकासनगरात १९८४ पासून राष्ट्रीय संस्था आहे. तिथे थेरपीचं मार्गदर्शन मिळतं. केंद्राच्या 'निरामय' विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतच्या खर्चात थेरपीही धरली जाते.

तुमच्या नात्यात असं मूल असेल तर जरूर फोन करा. डब्याचं नाव सांगण्याऐवजी एवढंच विचारा, "शनिवारी दोन तास मी त्याच्यापाशी बसू का?"