हिरव्या ठिपक्याच्या पुढे



प्रवासासाठी तयार भाजीचं पाकीट घेताना आपण हिरवा ठिपका बघतो, कांदा-लसूण नाही ना ते वाचतो आणि निर्धास्त होतो. मागचा पोषणाचा तक्ताही वाचत जा. मी कॉमर्सची, आकडा दिसला की गुणाकार करतेच. तक्ता बहुधा १०० ग्रॅमचा असतो. त्यात सोडियम ५०० मिलिग्रॅम लिहिलं असेल, तर ३०० ग्रॅमच्या पाकिटात १५०० झालं. त्याला अडीचने गुणा: पावणेचार ग्रॅम मीठ! जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. घरात बीपीची गोळी घेणारं कुणी असेल, तर एवढा हिशोब कराच. काय खावं याचा विवेक आपल्याकडे आहेच. किती खावं हाही विवेकच. ऊनोदरीला तप म्हटलंय ते उगीच नाही.