उद्यानाचें मूळ

जुनें उद्यान पाहावयास गेलेला मनुष्य बहुधा इमारत पाहून परततो. तो कमानी मोजतो, घुमटाखालीं हांक मारून पडसाद ऐकतो आणि घरीं येऊन बाग पाहिल्याचें सांगतो. आम्ही पडलों गोंदियाजवळच्या नागऱ्याचे. त्यामुळें अहमदनगरच्या (2024 पासून अहिल्यानगर) फराहबागेंत गेलों तेव्हां आमची दृष्टि प्रथम महालाभोंवतींच्या खोलगट जमिनीकडे गेली. तलावांच्या मुलखांतील माणसाची ती खोडच म्हणाना!

निजामशाहीच्या अमदानींत, 1583 सालीं, हा महाल पुरा झाला. आधींची इमारत मुर्तजा निजामशहास रुचली नाहीं, म्हणून ती पाडून सलाबतखानानें ही उभारली, अशी हकीकत आहे. मध्यें अष्टकोनी महाल, सभोंवार प्रशस्त हौद आणि दुरून नळांनीं आणलेलें पाणी, अशी ही योजना. आज केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं भिंती उभ्या आहेत. हौद मात्र बहुतेक काळ कोरडा असतो.

त्याच शतकांत इटलींत, रोमजवळच्या तिवोली गांवीं, कार्डिनल इप्पोलितो देस्ते यानें आपली विख्यात बाग रचविली. आनिएने नदीचें पाणी गांवाखालून बोगद्यानें आणून, केवळ उताराच्या बळावर, त्यानें शेंकडों धारा खेळविल्या. ती बागहि पुढें दीर्घकाळ उपेक्षेंत पडली. 1944 सालीं तिला बाँबचा तडाखाहि बसला. परंतु पाण्याची वाट शाबूत होती, म्हणून डागडुजी होतांच कारंजीं पुन्हां उडूं लागलीं. 2001 सालीं युनेस्कोनें तिची गणना जागतिक वारशांत केली.

हा भेद आम्हांस नवा नाहीं. आमच्याकडे कोहळी लोकांनीं बांधलेल्या तलावांचा गाळ पूर्वीं गांव मिळून काढी, पाटहि तेंच दुरुस्त करी. 1951 सालीं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. तें होणें न्याय्यच होतें. पण गाळ काढण्याचें काम 'कोणीतरी करील' या सदरांत जमा झालें, आणि कित्येक तलाव पाहतां पाहतां उथळ झाले. पाळ अजून भक्कम दिसते, पण धानाच्या बांधींत पाणी पोंचत नाहीं.

दगड टिकवावयास पहारेकरी पुरतो. पाणी टिकवावयास दरवर्षीं हातांत फावडें घेणारे लोक लागतात. फराहबागेच्या जतनाचा विचार करणारांनीं घुमटास चुना लावण्यापूर्वीं त्या जुन्या नळांच्या वाटा शोधाव्या, आणि त्या कोणीं राखावयाच्या हेंहि त्याच वेळीं ठरवावें.