घट्टा पडलेला बैल

शनी अमावस्येला आमच्या शाळेची हजेरी निम्म्यावर येते. शनिवार म्हणून शाळा सकाळची, आणि घोडेगावकडून येणारा रस्ता पहाटेपासूनच गाड्यांनी भरलेला. तिसरी-चौथीतली मुलं आईवडिलांच्या दुकानावर बसतात, रुईच्या पानांच्या माळा ओवतात, रसवंतीवरचे ग्लास विसळतात. परगावची माणसं शनिशिंगणापूरला उत्सवासाठी येतात. इथल्या मुलांना मात्र उत्सव म्हणजे कामाचा दिवस. गावाजवळच्या वस्तीवर, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी रुजू झाले तेव्हा ‘माझा आवडता सण’ हा निबंध लिहायला दिला होता. सगळ्या वह्यांमधून एकच दिवाळी निघाली. तेच उटणं, तीच चकली, तेच फटाके, निबंधमालेतून उतरलेले. एकाही वहीत रुईचं पान नव्हतं की उसाचं कांडं नव्हतं.

लिहायला बसवलं की मुलं पुस्तकाची भाषा बोलतात, आणि हाताला काही दिलं की घरची. म्हणून मी सण लिहायला देणं कमी केलं आणि करायला देऊ लागले. बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकामुळे कला आणि कार्यानुभवाला वेळापत्रकात जागा आहे. हे तास गणिताला द्यायची सवय पुष्कळ ठिकाणी दिसते. मी ते देत नाही.

सुरुवात पोळ्यापासून होते, आणि पोळ्याची सुरुवात मातीपासून. आमच्याकडची माती काळी. भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि तडकते. नुसत्या काळ्या मातीचा बैल एका रात्रीत लंगडा होतो. कुंभार तिच्यात राख आणि लीद घालतात. आम्ही चाळलेली राख आणि बाजरीचा बारीक भुसा घालतो. माती आधी कडक वाळवायची, फोडायची, चाळायची, मग भिजत ठेवायची. मळणं पायांनी, आणि या कामाला स्वयंसेवक कधी कमी पडत नाहीत. बैलाचे पाय वेगळे करून चिकटवायचे नाहीत, एकाच गोळ्यातून ओढून काढायचे. शिंगं जोडावीच लागतात, तिथे दोन्हीकडे काडीने रेघोट्या मारायच्या आणि पातळ चिखल लावून दाबायचं. वाळवण सावलीत. रंगाला गेरू, चुना, हळद आणि काजळी. रुईची पानं गावात ढिगाने मिळतात, पण रुईचा चीक डोळ्यांना घातक, म्हणून घरी हात कितीही सरावलेला असला तरी वर्गात रुई आणायची नाही, हा एकच कडक नियम.

साचा मी वापरत नाही, आणि फळ्यावर बैल काढूनही दाखवत नाही. एका नमुन्यावरून कापलेले तीस कंदील किंवा रंगवलेले तीस गणपती भिंतीवर लावले की भिंत सुंदर दिसते, पण त्यात एकाही मुलाचं घर दिसत नाही. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांनी ते वाढवलं, ते आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंवर. सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत देवीप्रसाद मुलांना कला शिकवत होते, तेही मुलाच्या अवतीभवतीचं जगणं धरून. मला त्या वाटेने जायचं आहे. दुकानातून आणलेल्या चकचकीत कागदाचा मोह मलाही पडतो, पण तो कागद सगळ्यांना सारखंच बोलायला लावतो.

आमच्या मुलांपैकी मोजक्याच घरी आता बैल उरलेत. एकाने विचारलं, “बाई, आमच्यात ट्रॅक्टर हाय. तो केला तर चालंल का?” चालेल म्हटलं. पोळ्याला घरोघरी ट्रॅक्टर धुऊन त्यालाही हार घालतातच. मग बैलांच्या रांगेत मातीचा ट्रॅक्टर उभा राहिला, बोनेटवर हळदकुंकू लावून. बाकीच्यांनी आजोबांना विचारून विचारून शेंब्या, झुली, गोंडे केले. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण का करतात ते मी समजावून सांगितलं. जू बसतं त्या जागेला वर्षभराच्या ओझ्यानंतर हळद आणि लोणी लावून मळायचं, वगैरे. मुलांनी ऐकून घेतलं. बैल फळीवर गेले.

दिवाळीनंतर वर्ग बदलतो. सोनईच्या मुळा कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होतो आणि बीड, पाथर्डीकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. शिवारात पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. काही मुलं गावाकडच्या शाळेचं शिक्षण हमी कार्ड घेऊन आमच्याकडे बसतात, काही धाकट्या भावंडांना सांभाळायला कोपीवरच राहतात, त्यांना आणायला जावं लागतं. यातल्या कित्येकांची दिवाळी वाटेत किंवा फडात झालेली असते. वर्गात ती मागे बसतात. स्थानिक मुलं वाईट वागत नाहीत, पण गटही करून घेत नाहीत.

असाच एक मुलगा. चौथीतला, अगदी मोजकं बोलणारा. वडिलांची बैलगाडी, कारखान्याला ऊस वाहणारी. मधल्या सुट्टीत त्याने फळीवरचा एक बैल उचलला, मानेवरून अंगठा फिरवला आणि ठेवून दिला.

“ह्यो बैल कामाचा न्हाई, बाई.”

“का रे?”

“ह्याच्या मानंवर घट्टाच न्हाई. ह्याच्यावर कदी जूच ठिवलं न्हाई.”

बैल ज्याचा होता तो मुलगा चिडला. मी ओली माती काढून दिली. त्याने बोटाएवढा गोळा घेतला, तो बैलाच्या मानेवर बसवला, कडा जिरवल्या आणि वर अंगठ्याने किंचित दाबून खरबरीत केलं. मग फळीवरचा दुसरा बैल घेतला, मग तिसरा. पोरं गोळा झाली. भरलेली गाडी चढाला लागली की बैलांच्या मानेवर ओझं कसं येतं, खांदा सुजला की वडील हळद-तेल कसं लावतात, आणि तरी दुसऱ्या दिवशी जुंपावंच लागतं, हे तो सांगत होता. खांदेमळणीबद्दल मी जे वाक्यांत सांगितलं होतं, ते मुलांनी त्या दिवशी त्याच्या अंगठ्याखाली पाहिलं. चिडलेल्या मुलाने स्वतःचा बैल पुन्हा त्याच्यापुढे धरला आणि म्हणाला, “माझ्याला नीट कर.”

पुढच्या आठवड्यात त्याने आणि त्याच्याबरोबरच्या मुलींनी कडब्याच्या पेंढीतली धाटं आणून वर्गाला गाड्या करायला शिकवलं. धाटाची साल सोलून आतला मऊ गाभा काढायचा, सालीच्या चोयांचे खिळे करायचे, ते गाभ्यात टोचत जायचं. डिंक नाही, दोरा नाही. चाकं, साटा, जू, सगळं त्यातूनच. या कामात माझी बोटं त्यांच्या बोटांपुढे फार मंद पडली, आणि मुलांना ते पाहून आनंद झाला.

मग जानेवारीत मी ठरवलं की आता गावचाच उत्सव करायचा, शनी अमावस्येचा. खोक्यांचे पुठ्ठे, चिपाडं, माती. कुठल्याही गावातल्या मुलाला देऊळ करायला सांगा, तो आधी शिखर करतो. आमची मुलं चौथरा करतात, त्यावर काळी शिळा, आणि वर काही नाही. शिळा ५ फूट ९ इंचांची, म्हणून एका फुटाला एक इंच धरला तर ती केवढी करायची यावर मोठा वाद झाला. शेवटी पावणेसहा इंच निघाले. “मातीत काय खेळवता, गणित शिकवा,” असं म्हणणाऱ्या एका पालकाला मी ते मोजमाप दाखवलं. पावणेसहा म्हणजे काय, हे तिसरीच्या मुलांना त्या दिवसापासून सांगावं लागलं नाही.

घरं करताना कोणी दार केलं नाही, गावाची रीतच तशी; नुसत्या चौकटी कापल्या आणि काहींनी चिंध्यांचे पडदे लावले. २०११ मध्ये युको बँकेने इथे बिनकुलपाची शाखा उघडली तेव्हा देशभर बातम्या झाल्या. आमच्या मुलांना त्यात नवल वाटण्यासारखं काही नाही. एका ऊसतोड कुटुंबातल्या मुलीने पाचटाची कोपी केली, तिला पोत्याचा पडदा लावला आणि ती हातात धरून उभी राहिली. “हे गावात ठिवायचं का?” शेजारचीने आपल्या घराचा पडदा हलवून दाखवला. “आमच्याबी घराला पडदाच हाय की. ठेव, कॅनॉलकडं ठेव, तिथं ऊस हाय.” कोपी कॅनॉलकडेला बसली, तिच्या पुढे धाटाची गाडी, गाडीला घट्टा पडलेले दोन बैल.

चौथ्यांदा की पाचव्यांदा चौथऱ्याची मांडणी बदलली गेली तेव्हा एका मुलीने तिथे मातीची बाई उभी केली, हातात तेलाची वाटी घेतलेली. कुणीच काही बोललं नाही, कारण या मुलांना त्यात वेगळं काही दिसत नाही. मांडणी बघायला पालक आले, त्यात तिची आजीही होती. ती त्या बाईकडे बराच वेळ बघत होती. मग नातीला म्हणाली, “आम्ही लांबूनच हात जोडायचो गं.” मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश आणि मग ८ एप्रिल २०१६, गुढीपाडव्याचा दिवस, ज्या दिवशी चौथरा स्त्रियांना खुला झाला, ते मी मुलांना थोडक्यात सांगितलं. नातीने आजीच्या हातात मातीचा गोळा दिला आणि दुसरी बाई करायला सांगितली. आजीने केली. पदर डोक्यावरून घेतलेली, नातीच्या बाईपेक्षा कितीतरी सुबक.

असं काही झालं की मला वाटतं, कलेच्या तासाला ‘मोकळा तास’ म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन बसावं. मुलाला काय येतं आणि काय सोसावं लागतं, हे मला चाचणीच्या गुणपत्रिकेतून इतकं स्पष्ट कधी कळलं नाही. फडातून आलेलं मूल वाचनात मागे असतं, ही खरी गोष्ट आहे आणि त्यावर रोज कष्ट घ्यावे लागतात. पण जो वर्ग त्याच्याकडून गाडी करायला शिकलेला असतो, त्या वर्गात ते मोठ्याने वाचायला लाजत नाही. अडखळतं, शेजारचा सांगतो, पुढे जातं.

हंगाम संपला की मार्चच्या आसपास टोळ्या परततात. पोळ्याला ही मुलं त्यांच्या गावी असतात, आम्ही इथे. म्हणून मी पाथर्डी तालुक्यातल्या त्यांच्या शाळेच्या गुरुजींशी फोनवर बोलून ठेवलंय. तिथे त्यांनी पोळ्याचे बैल करून घ्यायचे, आणि मुलांनी हंगामाला येताना ते बरोबर आणायचे. गाडीत भांडी, अंथरुणं, शेळ्या, लहान पोरं असा सगळा संसार असतो, जागा थोडी. तेव्हा बैल बोटभरच करायला सांगितलेत, आणि काळ्या मातीत राख जरा जास्त घालायला.