नंबर न जुळलेलं रिव्हॉल्वर

प्रस्तुत लेखक मूळचा साताऱ्याचा. गेली बरीच वर्षं मुक्काम अमेरिकेत, कनेक्टिकटला. हार्टफर्ड शहरातून जाताना कोल्टच्या जुन्या कारखान्याचा निळा घुमट दिसतो, त्यावर सोनेरी चांदण्या. ऑफिसला जाता-येता तो बघून बघून या माणसाने एकदा सहज चौकशी केली की इथं नेमकं काय बनायचं. पुढे चौकशी कपाटभर पुस्तकांवर गेली, आणि एका शनिवारी नव्या गाडीसाठी ठेवलेले पैसे घेऊन हा गन शोमध्ये उभा होता.

टेबलावर होतं १८७३ सालच्या मॉडेलचं कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी. साडेसात इंची नळी, .४५ कॅलिबर, वजन साधारण किलोभर. डाव्या अंगावर 'यू. एस.' ही अक्षरं, म्हणजे सरकारी माल. अक्रोडाच्या मुठीवर लंबगोल ठसा आणि त्यात ओ. डब्ल्यू. ए. ही आद्याक्षरं. विक्रेत्याने भिंग हातात दिलं आणि तो गप्प बसला. जाणता विक्रेता गिऱ्हाइकाला स्वतःच स्वतःची समजूत घालू देतो.

ती तीन अक्षरं ऑर्विल एन्सवर्थ या सरकारी तपासनिसाची. सैन्याने घेतलेल्या सुरुवातीच्या हजारो कोल्टवर त्याची सही आहे. त्यातलीच काही सातव्या घोडदळाला मिळाली आणि २५ जून १८७६ रोजी मोंटानातल्या लिटल बिगहॉर्न नदीकाठी, त्या घोडदळाचा अधिकारी कस्टर याच्या माणसांच्या कमरेला होती. ती लढाई लकोटा, शायान आणि अरापाहो योद्ध्यांनी जिंकली. संग्राहकांच्या गप्पांत मात्र पराभूतांच्या पिस्तुलांचे भाव तेवढे निघतात. ती रोखलेली कुणावर होती हा विषय फारसा निघत नाही. एन्सवर्थचा ठसा असला की किंमत चढते, आणि किंमत चढते तिथे ठसे पाडणारेही असतातच.

इथे पाचही जागचे नंबर जुळत होते. व्यवहार झाला. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार 'अँटिक' धरतात, त्यामुळे कागदपत्रांची फारशी भानगड नव्हती. घरी बायकोने डबा उघडून पाहिलं.

"घोडदळाचं ना? मग घोडा कुठाय?"

लेखकाने अंगठ्याने रिव्हॉल्वरचा घोडा मागे ओढून दाखवला. टक, टक, टक, टक. चार आवाज. कोल्टचे शौकीन म्हणतात, ते आपलं नाव उच्चारतं : सी, ओ, एल, टी. बायको म्हणाली, "गाडीचे हॉर्नही वाजले असते."

दोन महिन्यांनी एका म्हाताऱ्या संग्राहकाने ते हातात घेतलं. आधी त्याने नळी पाहिलीच नाही. मुठीवरून नुसतं बोट फिरवलं. लाकूड शंभर-सव्वाशे वर्षांच्या हातांनी झिजून गुळगुळीत झालेलं, आणि त्यावरचा ठसा मात्र काल मारल्यासारखा खणखणीत! झीज ठशाला टाळून कशी जाईल? मग त्याने 'यू. एस.'च्या कडा उजेडात तिरक्या धरल्या. कारखान्यात ठसा आधी पडायचा, मग रिव्हॉल्वरची चौकट हाडांच्या कोळशात तापवून कठीण व्हायची. इथे अक्षरं त्या जुन्या रंगाला फोडून आत घुसली होती. नंबरांभोवती किंचित खोलगट, घासल्याची जागा. पाचही आकडे त्याच पंचांनी, बहुधा एकाच दुपारी ठोकलेले. हे कुणा साध्या गिऱ्हाइकाने दुकानातून नेलेलं कोल्ट होतं. त्याला कुणीतरी पुष्कळ उशिरा सैन्यात भरती केलं होतं.

विक्रेता अर्थातच पुन्हा दिसला नाही.

त्यानंतर लेखकाला वर्षभर स्कोफिल्डचा नाद लागला. दहाव्या घोडदळातल्या, म्हणजे कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकडीतल्या, मेजर जॉर्ज स्कोफिल्डने स्मिथ अँड वेसनचं रिव्हॉल्वर सुधारलं. कोल्टमधून रिकामी काडतुसं एकेक करून ढकलावी लागतात. हे मधोमध मोडलं की सगळी एकदम बाहेर पडतात. धावत्या घोड्यावर केवढी सोय! सैन्याने आठ हजारांवर घेतलीही. पण कोल्टचं काडतूस यात मावेना. शेवटी दोन्हींत चालेल असं आखूड काडतूस काढावं लागलं. स्कोफिल्डने १८८२ मध्ये ॲरिझोनातल्या फोर्ट अपाचीवर स्वतःवर गोळी झाडून घेतली. लेखकाच्या खिशाला हे रिव्हॉल्वर काही परवडलं नाही.

परवडलं ते 'आर्टिलरी' म्हणतात ते कोल्ट. १८९० च्या दशकात .३८ कॅलिबरची नवी रिव्हॉल्वरं आली, तेव्हा सैन्याने जुनी कोल्टं परत मागवून घेतली. त्यांच्या नळ्या साडेपाच इंचांवर कापल्या, सगळे भाग खोलून साफ केले आणि जोडताना बहुतेकदा हाताला येईल तो भाग बसवला. पुढे फिलिपिन्समध्ये .३८ ची गोळी कमी पडते अशी ओरड झाली आणि ही म्हातारी .४५ पुन्हा कामाला लागली. भाग असे मिसळल्यामुळे खऱ्या आर्टिलरीचे नंबर सहसा एकमेकांशी जुळत नाहीत. ते सगळे नीट जुळले, की बरेच जण आधी संशयच घेतात.

लेखकाच्या आर्टिलरीवर चौकटीचा नंबर एक, चापाच्या कड्याचा दुसरा, मुठीच्या पाठीचा तिसरा. नळीवरचा आकडा काडतूस ढकलणाऱ्या दांडीच्या घराखाली लपलेला. एक स्क्रू काढल्यावर तो दिसला, चौथा. सिलिंडरवर पाचवा. मुठीवर आर. ए. सी., म्हणजे रिनाल्डो कार या तपासनिसाचा ठसा, बोटाने चाचपावा लागेल इतका पुसट. पाच रिव्हॉल्वरांतून निघून एकत्र आलेले हे भाग. उरलेल्या चार चौकटी कुठे आहेत याचा शोध तो अधूनमधून जुन्या लिलावांच्या कॅटलॉगांत घेतो.

पाहुणे आले की दोन्ही रिव्हॉल्वरं टेबलावर मांडतो. लांब नळी, ठळक 'यू. एस.', एकसारखे नंबर. सगळे आधी तेच उचलतात आणि फोटोही त्याचाच काढून घेतात.