नक्कल न होणाऱ्या गोष्टीचे जाळे

महादेवपुऱ्याच्या रस्त्यांवर मान वर करून पाहिले, तर मेट्रोच्या पुलाआधी दृष्टीस पडतात ती काळ्या केबलींची भेंडोळी. काही झाडांच्या फांद्यांना अडकवलेली, काही खांबांना गुंडाळलेली, काही तुटून पदपथावर लोंबणारी. बंगळुरूकर त्यांना कंटाळले आहेत. पण या परिसरातील आयटी पार्कांचा सारा व्यवहार अशाच प्रकाशतंतूंवर उभा आहे. इथल्या एका मजल्यावर लिहिलेला प्रोग्रॅम तीन खंडांतील सर्व्हरवर एकाच वेळी चालतो आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही.

या व्यवसायाचा पाया एका साध्या सोयीवर आहे : माहितीची नक्कल करता येते. पॅकेट हरवले तर पुन्हा पाठवावे, डिस्क बिघडली तर दुसरी प्रत असतेच, संकेत क्षीण झाला तर वाटेत वाढवून घ्यावा. क्वांटम संगणक एकमेकांना जोडायचे म्हटले की नेमकी हीच सोय हातची जाते. अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे वूटर्स व झुरेक यांनी आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी 1982 मध्ये दाखवून दिले. पैसा ओतून किंवा हुशार अभियंते नेमून ही अडचण सुटणारी नव्हे.

तिचे गांभीर्य समजण्यासाठी एक आकडेमोड पुरेशी आहे. उत्तम प्रतीच्या प्रकाशतंतूत 1550 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दर किलोमीटरला सुमारे 0.2 डेसिबल क्षीण होतो. म्हणजे प्रत्येक 50 किलोमीटरनंतर दहापैकी एकच फोटॉन उरतो. बंगळुरू ते पुणे हे अंतर 850 किलोमीटर धरले, तर असे 17 टप्पे होतात. दहाचा सतरावा घात इतक्या फोटॉनांपैकी सरासरी एक पुण्यास पोहोचेल. दर सेकंदाला एक अब्ज फोटॉन सोडत राहिले, तरी त्या एकाची वाट पाहण्यात तीनेक वर्षे जातील. रात्री बसमध्ये बसून सकाळी पुण्यास उतरणाऱ्या माणसाला हा हिशेब थट्टेचा वाटेल, पण तो अगदी सरळ आहे.

यावरचा उपाय 1998 मध्ये ब्रीगेल, ड्युर, सिराक आणि झोलर यांनी सुचवला. अंतराचे लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांत गुंफण, म्हणजेच एन्टँगलमेंट, निर्माण करायची आणि मग शेजारशेजारचे दुवे सांधत न्यायचे. हा क्वांटम रिपीटर. त्यासाठी लागते क्वांटम मेमरी. कारण एका तुकड्यात यश आले आणि शेजारच्यात अजून आले नाही, तर पहिल्याने तोवर तग धरायला हवा. शिवाय जोडणी झाल्याचा निरोप साध्या संकेतानेच यायचा. तंतूतून प्रकाशाला एका किलोमीटरला सुमारे पाच मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे पुण्याहून केवळ एक निरोप येण्यास चार मिलिसेकंदांहून अधिक वेळ. क्यूबिटच्या नाजूक आयुष्यात हा काळ लहान नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? एकाच यंत्रात क्यूबिट वाढवत नेले की वायरिंग, शीतकरण आणि परस्परांतील गोंगाट हाताबाहेर जातात. म्हणून लहान यंत्रे जोडून मोठे काम करून घेण्याची कल्पना पुढे आली. आयआयटी दिल्लीत शिकलेल्या लव ग्रोव्हर यांनी 1997 मध्येच दूरस्थ क्वांटम गणनेवर शोधनिबंध लिहिला होता. फेब्रुवारी 2025 मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने ‘नेचर’मध्ये प्रत्यक्ष प्रयोग प्रसिद्ध केला : सुमारे दोन मीटर अंतरावरच्या, बंदिस्त आयनांच्या दोन यंत्रांमध्ये क्वांटम गेट ‘टेलिपोर्ट’ केले गेले. अचूकता 86 टक्के. त्या जोडयंत्रावर जो अल्गोरिदम चालवला तो ग्रोव्हर यांचाच, आणि त्याला 71 टक्के यश आले. दोन मीटर! हसू येईल, पण विभागलेली गणना इथे खरोखर घडली.

भारतातील बातम्या वाचताना मात्र एक गफलत वारंवार होते. राष्ट्रीय क्वांटम अभियानाला 19 एप्रिल 2023 रोजी 6003.65 कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. त्याच्या उद्दिष्टांत 2000 किलोमीटरवरील सुरक्षित संवाद आहे, आणि क्वांटम मेमरी असलेले बहुकेंद्री जाळेही आहे. बातमीच्या मथळ्यात दोन्हींना ‘क्वांटम इंटरनेट’ म्हटले जाते. वस्तुतः पहिले काम गुप्त किल्ली वाटण्याचे. फेब्रुवारी 2022 मध्ये डीआरडीओ व आयआयटी दिल्ली यांनी प्रयागराज ते विंध्याचल या 100 किलोमीटरहून अधिक अंतरावर ते करून दाखवले. बीजिंग ते शांघाय ही 2000 किलोमीटरची वाट 2017 पासून चालू आहे. पण तिच्यातील 32 विश्वासू केंद्रांवर किल्ली दरवेळी उघडी पडते, त्यामुळे प्रत्येक केंद्राला पहारा हवा. हे काम उपयोगाचे खरेच, पण त्या वाटेने दोन क्वांटम संगणक जोडता येत नाहीत. त्याला अखंड गुंफण लागते. जून 2025 मध्ये दिल्लीत एक किलोमीटरहून अधिक मोकळ्या हवेतून गुंफणीवर आधारित संवाद झाला. यादीत लहान दिसणारी ही बातमी त्या दृष्टीने अधिक मोलाची.

सुटे भागही घडू लागले आहेत. अभियानाने निवडलेल्या पहिल्या आठ नवउद्योगांत बंगळुरूचा ‘क्वान टू डी’ अतिवाहक नॅनोतारांचे एकल-फोटॉन शोधक बनवतो. पुण्याचा ‘क्यूप्रयोग’ प्रकाशीय आण्विक घड्याळांवर काम करतो. दूरची दोन केंद्रे जोडताना या दोन्ही विद्यांची गरज भासते.

राहता राहिला महादेवपुऱ्याचा प्रश्न. भौतिकशास्त्रात पीएच.डी. करून इथल्या कचेऱ्यांत सॉफ्टवेअर लिहिणारी माणसे थोडी नाहीत, आणि त्यांच्याकडे ‘विषय सोडलेले’ म्हणून पाहण्याची प्रयोगशाळांची जुनी खोड आहे. विभागलेल्या क्वांटम गणनेत दोन यंत्रांमधील प्रत्येक गेटमागे गुंफणीची एक जोडी खर्ची पडते आणि दोन्ही बाजूंनी एकेक साधा बिट पाठवावा लागतो. म्हणून कोणता क्यूबिट कोणत्या यंत्रात ठेवायचा, कोणते काम कधी करायचे, जोडी वेळेवर आली नाही तर काय, हे ठरवणारा कंपायलर लागतो. कामाची वाटणी आणि विलंबाचा हिशेब ही इथली रोजची कामे. फक्त ‘पुन्हा पाठवा’ हे बटण तेवढे नाही, आणि त्याच्यावाचून प्रोग्रॅम कसा रचायचा याचा अभ्यास करायला अतिशीत यंत्र लागत नाही. मजल्यावरचा साधा संगणक सुरुवातीला चालतो.