आमच्या संगणकाची झडती

आमच्या घरांत माणसें अकरा आणि संगणक एक. त्यावर वहिनींचा घरखर्च, धाकट्या बंधूंचें कचेरीचें काम, मुलांचा अभ्यास आणि आमचें लेखन, असा सर्वांचा संसार चालतो. गेल्या महिन्यांत हें यंत्र इतकें मंदावलें कीं, एखादें पत्र उघडावयास सांगून आम्हीं चहा घेऊन यावें, तरी तें उघडलेलें नसे. कारण आम्हांस ठाऊक होतें. निदान तसें वाटत होतें. बंधूंच्या बारा वर्षांच्या चिरंजीवांनीं सुटींत त्यांत एक खेळ घातला होता. आम्हीं त्यास सर्वांदेखत खडसावलें आणि महिनाभर संगणकास हात लावूं नये असें फर्मान काढलें. पोर कांहीं बोललें नाहीं. रात्रीं पानावर मात्र त्याची मान वर झाली नाहीं.

आमच्या मातुःश्री तेवढ्या म्हणाल्या, "अरे, दूध कोणीं सांडलें तें आधीं पाहावें, मग मांजराला काठी मारावी."

हें पाहण्याची सोय संगणकांतच असते, याचा आम्हांस विसर पडला होता. विंडोज प्रणालींत कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या कीं 'टास्क मॅनेजर' उघडतो. डेव्हिड प्लमर या अभियंत्यानें तो लिहिला, आणि १९९६ सालीं विंडोज एनटी ४.० बरोबर तो लोकांपुढें आला. चालू असलेला प्रत्येक कार्यक्रम प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांचा किती वापर करीत आहे, तें त्यांतील रकान्यांत दिसतें. रकान्याच्या माथ्यावर एकूण वापर टक्क्यांत असतो. 'मेमरी' या शब्दावर टिचकी मारली कीं सर्वांत खादाड कार्यक्रम वर येतो.

आमच्या संगणकाची मेमरी ८ जीबी. तिचा वापर ९४ टक्के, डिस्कचा १०० टक्के, आणि प्रोसेसर मात्र अवघा ११ टक्के कामांत! हें कोडें प्रथम उलगडेना. मग स्वयंपाकघर आठवलें. मेमरी म्हणजे हाताशीं असलेला ओटा; डिस्क म्हणजे मागची कोठी. ओटा भरला कीं वस्तु कोठींत नेऊन ठेवाव्या लागतात आणि लागतील तशा पुन्हा आणाव्या लागतात. स्वयंपाकीण कितीहि चपळ असली तरी तिचा वेळ कोठीची वाट पाहण्यांतच जातो. विंडोज हीच ने-आण 'पेज फाइल'च्या द्वारें करते. आणि आमची डिस्क जुनी, फिरत्या तबकडीची असल्यामुळें ती फारच सावकाश होते.

मग ओटा अडविला कोणीं? यादीच्या माथ्यावर ब्राउझर होता, आणि त्यांत आम्हींच 'संदर्भासाठीं' म्हणून उघडून ठेवलेलीं ६३ पानें! तीं न वाचतांहि जागा अडवून बसलीं होतीं. त्याखालीं विषाणूप्रतिबंधक कार्यक्रम दोन. त्यांतील दुसरा आम्हींच घातलेला. खेळाचें नांव यादींत नव्हतेंच. जो कार्यक्रम चालू नाहीं, तो डिस्कवर जागा व्यापतो. मेमरी खात नाहीं.

पानें मिटलीं, दुसरा कार्यक्रम काढून टाकला. मेमरीचा वापर ५२ टक्क्यांवर आला. नवा संगणक घेण्याचा विचार तूर्त तहकूब झाला. ज्यांस ही झडती घ्यावयाची असेल त्यांस दोन सूचना. 'सिस्टम आयडल प्रोसेस' या नांवापुढें ९० चा आंकडा दिसला तर घाबरूं नये; तो प्रोसेसरचा विसांवा होय. आणि अनोळखी नांव दिसलें म्हणून तें बंद करूं नये. कित्येक नांवें प्रणालीच्या स्वतःच्या सेवकांचीं असतात.

आणखी एक काम उरलें होतें, व तेंच सर्वांत अवघड होतें. त्या रात्रीं जेवतांना, सर्वांदेखतच, आम्हीं पुतण्यास सांगितलें कीं चूक आमची होती. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "थोरले काका, त्या दिवशीं मी तुम्हांला तीं पानें दाखविणारच होतों. पण तुम्ही रागावलां होतां."

ज्या घरांत मुलास खरें सांगावयाची भीति वाटते, त्या घरांत पहिली झडती वडील माणसांनीं स्वतःची घ्यावी, एवढें आम्ही त्या दिवशीं शिकलों.