पंचवटीवाले

आमच्या कॉलनीत वडील दोन प्रकारचे असत, प्रेसवाले आणि पंचवटीवाले. नाशिकरोडला, जेलरोडच्या त्या पट्ट्यात वाढलेल्या कोणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. प्रेसवाले नेहरूनगरकडे आधी सायकलीवरून, पुढे स्कूटरवरून जात, देशाच्या नोटा आणि तिकिटं छापत, आणि पाळी संपली की घरी येत. त्यांच्या ओट्यावर संध्याकाळी माणसाचा आवाज असे. पंचवटीवाले सकाळी सातच्या सुमाराला पंचवटी एक्स्प्रेस धरत, सुमारे 187 किलोमीटरवरच्या मुंबईत नोकरी करत, संध्याकाळी सव्वासहाला तिकडून सुटणारी तीच गाडी पकडत आणि रात्री पावणेदहाच्या आसपास स्टेशनवर उतरत. माझे बाबा पंचवटीवाले होते.

ही गाडी 1975 साली सुरू झाली आणि तिच्या भरवशावर नाशिकरोडला कितीतरी घरं बांधली गेली. नोकरी मुंबईची, पण तिथल्या पगारात तिथलं घर बसत नाही, ही अडचण घरोघर सारखीच होती. फोर्टातल्या कचेरीत कारकुनी करणाऱ्याला डोंबिवलीच्या पुढे एखादी खोली परवडली असती. बाबांना अंगण हवं होतं. मुलांना मोकळी हवा, चांगली शाळा, आईला तुळस, आणि निवृत्तीनंतर ओट्यावर बसून वाचायला पेपर. म्हणून त्यांनी नाशिकरोडला प्लॉट घेतला, कर्ज काढून बैठं घर बांधलं आणि कोपऱ्यात पेरू लावला. त्या पेरूखाली ते फक्त रविवारी दिसायचे.

दिवसा आमची कॉलनी बायकांची, मुलांची आणि पेन्शनरांची. गॅसचा नंबर लावणं, वीजबिल भरणं, शाळेत पालक म्हणून जाणं, गच्ची गळायला लागली की गवंडी शोधून आणणं, सगळं आईकडे. बाबांना स्वतःची गल्ली ओळखीची होती ती दिव्याच्या उजेडातली. समोरच्या घराला रंग दिलेला त्यांना कधीतरी रविवारी दिसे आणि ते कौतुकाने विचारत, हा कधी दिला? रंगाला तोवर एक पावसाळा लोटलेला असे.

थंडीतल्या सकाळी मला अजून नेमक्या आठवतात. नाशिकची थंडी साधी नव्हे, निफाडकडे तर पारा पार खाली जातो. सहाला बाहेर काळोख, आणि त्या काळोखात गल्लीत एकामागून एक स्कूटरला किक बसू लागे. एक चालू होई, एक होत नसे, मग ती तिरपी करून पुन्हा किक. मी पांघरुणात पडून ओळखायची, ही कोपऱ्यावरची, ही आमची. आईने डबा पिशवीत ठेवला की पिशवीच्या चेनचा आवाज. "येतो गं." एवढं एक वाक्य. ते मला उद्देशून असे की आईला, हे मी कधीच ठरवू शकले नाही.

घरी आल्यावर बाबा फारसं बोलत नसत. हातपाय धुऊन जेवायचे, आमच्या वह्या उघडून बघायचे आणि झोपायचे. आम्ही पोरं आपापसात त्यांना अबोल म्हणायचो. आई सांगायची, थकतात रे ते. थकण्यासारखंच होतं. इगतपुरीपर्यंत गाडी पठारावरून सरळ येते, पुढे थळ घाट. 1865 साली हा रेल्वेमार्ग इगतपुरीला पोचला, आणि 37 फुटांना एक फूट असा त्याचा चढ आजही तसाच आहे. उतरताना इगतपुरीला ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. परतीला कसाऱ्यात मागे बँकर इंजिनं जोडतात, ती ढकलत वर आणतात, आणि इगतपुरीला ती सुटली की मगच घाट संपतो. मुंबईची लोकल कसाऱ्याला थांबते ती या चढापायी. ती नाशिकपर्यंत आणा, ही मागणी मी लहानपणापासून ऐकत आले.

पावसाळ्यात हा घाट आमच्या घरात येऊन बसायचा. दरड कोसळली की आधी शेजारी फोन यायचा, पुढे आमच्याकडे. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. सव्वासहाची गाडी निघणं शक्यच नव्हतं आणि घाटातले रूळही वाहून गेले होते. बाबा कचेरीतच राहिले. कॉलनीतल्या पंचवटीवाल्यांच्या बायका आमच्या ओट्यावर जमल्या. ज्या कुणाचा फोन लागे, ती इतर सगळ्यांच्या नवऱ्यांची खबर घेई, कारण तिकडे ते सगळे एकमेकांना सांभाळून होते. तीन वर्षांनी, 26 नोव्हेंबर 2008 ला, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री, बाबा नेहमीच्या वेळी आले आणि ताटावर बसले. टीव्हीवर सीएसटीचा तोच हॉल दिसू लागला, जिथून ते चारेक तासांपूर्वी चालत गाडीकडे गेले होते. बाबांनी हातातला घास खाली ठेवला आणि चौकशीला फोन करायला सुरुवात केली. कुणाकुणाला ते फोन करत होते, ती नावं आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. ओव्हरटाइमसाठी मागे थांबलेल्या प्रत्येकाचा ठावठिकाणा लागेपर्यंत ते झोपले नाहीत.

बाबा निवृत्त झाले आणि ओट्यावर पेपर घेऊन बसू लागले. मिळाली ती वर्षं फार नव्हती. 2019 च्या हिवाळ्यात ते गेले.

दहाव्यापासून तेराव्यापर्यंत आमच्या घरी अनोळखी माणसं येत राहिली. निफाडचे एक द्राक्ष बागायतदार, जे कधीकाळी मंत्रालयात होते. मनमाडच्या एक बाई, बँकेतल्या. लासलगावचे एक वकील, हायकोर्टात जाणारे. देवळालीचा एक तरुण, जो गाडीत उभ्याने येताना बाबांनी सरकून बसवून घेतला होता आणि मग तिथलाच झाला होता. त्यांनी आम्हाला नावानं हाक मारली. मला दहावीला गणितात किती मार्क होते ते त्या मनमाडच्या बाईंना पाठ होतं. माझ्या भावाचा हात मोडला होता तेव्हा प्लास्टर कुठल्या हाताला होतं, हे वकिलांनी न चुकता सांगितलं. पेरूला पहिलं फळ धरलं तेव्हा बाबांनी ते चिरून डब्यात नेलं होतं, प्रत्येकाला चिमूटभर मीठ-तिखटासकट. घरी आम्हाला वाटलं होतं, पोपटांनी खाल्लं.

ते बोलत गेले आणि आम्ही ऐकत गेलो. बाबा गाडीत शब्दकोडं मोठ्याने वाचत आणि अख्ख्या डब्याकडून सोडवून घेत. दसऱ्याला इंजिनाला हार घालायचा तो आणायचं काम त्यांचं. बिपिन गांधींच्या रेल परिषद या प्रवासी संघटनेनं सी-3 हा आदर्श डबा केला, त्यात पत्ते नाहीत, गोंगाट नाही. बाबांचा डबा तो नव्हे, पण तिथली शिस्त पाहून त्यांनी आपल्या डब्यातही सकाळचा पहिला तास झोपणाऱ्यांसाठी शांत ठेवायला लावला होता. आणि घाट सुरू झाला की ते बोलत. रोज. मुलांबद्दल, आईच्या हातच्या भाकरीबद्दल, घराला पुढे काढायच्या खोलीबद्दल. आमचे अबोल बाबा.

लोक अशा वडिलांबद्दल त्याग हा शब्द वापरतात. मला तो नको वाटतो. त्या शब्दात माणूस वाकलेला दिसतो, पिशवी खांद्याला, डोळे मिटलेले. माझ्या समोर बसलेली माणसं ज्याच्याबद्दल रडत होती आणि मध्येच हसत होती, तो माणूस तिथे आनंदात होता. शेजार म्हणजे काय, हे बाबांना पुरतं माहीत होतं. फक्त त्यांचा शेजार रुळांवर होता, मनमाडपासून सीएसटीपर्यंत लांब, आणि त्यात आम्हाला जागा नव्हती. ते गेल्याचं दुःख कुणाच्याही मुलीला होतं तसंच मला झालं. त्याखाली दुसरं एक दुःख आहे, ते मी कुणाला सांगत नाही. त्यांच्या आयुष्यातले बोलके तास त्या डब्यात खर्च झाले आणि मी तिथे नव्हते.

काही महिन्यांतच, मार्च 2020 मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत गाड्या थांबल्या. पुढे पंचवटी विशेष गाडी म्हणून सुरू झाली, तरी पास बराच काळ बंदच राहिले, आणि पासाशिवाय रोजचं अपडाउन परवडत नाही. कुणी घरून काम करू लागलं, कुणी कल्याणला भाड्याने राहिलं, कुणी मुदतीआधी निवृत्ती घेतली. गाडी आज धावते, भरूनही धावते. बाबांचा डबा मात्र फुटला तो फुटलाच. त्याबद्दल कुठे दोन ओळी छापून आल्या नाहीत. येणार तरी कशा? घर पडलं की जागा उरते, तिच्याकडे बोट दाखवता येतं. हा शेजार तर माणसं आसनावर बसली की उभा राहायचा.

आता माझ्या भावाचा मुलगा आठवड्यातून दोनदा ठाण्याला जातो, स्वतःच्या गाडीने, एकटाच. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला, त्यावर जवळजवळ 8 किलोमीटरचा बोगदा आहे. घाट न बघताच माणूस खाली उतरतो. तो दुपारचं जेवण कधीकधी घरी जेवतो, हे आईला फार आवडतं, आणि मलाही.

आई मात्र अजून डब्यात आहे. मनमाडच्या बाई तिला रविवारी फोन करतात, निफाडचे काका द्राक्षाच्या हंगामात पेटी घेऊन येतात, आणि आई त्यांना प्रश्न विचारते. ते झोपायचे का? डबा कितीला उघडायचे? माझी भाजी कुणाला द्यायचे? आलेली उत्तरं ती मग आम्हाला सांगते, जणू समोरच्या बाकावर बसून तिनेच पाहिलं. परवा काकांशी तिचा वाद झाला. काका म्हणाले, तुमचे हे दरीकडच्या खिडकीशी बसायचे. आई म्हणाली, शक्य नाही, त्यांना वारं सोसायचं नाही, ते मधल्या जागेवरच बसत असणार, खिडकी ते त्या देवळालीच्या पोराला देत असतील. काका हसले, पण आईने ऐकलं नाही. फोन घेतला आणि मनमाडला लावला, खात्री करून घ्यायला.